पंचनाम्यातला एक शब्द

साहेब,
हे माझं चौथं पत्र.
आधीची तीन मुलीनं लिहून दिली, इंग्रजीत, नम्र, मुद्देसूद.
हे मी लिहितोय.
शहापुरात लग्नपत्रिका छापतो, एका अंगाला मराठी, एका अंगाला कन्नड.
तीस वर्षं दोन्हीचे खिळे जुळवले,
तेव्हा शब्दाबद्दल थोडं बोलू द्या.

सतरा जानेवारी, रात्री नऊ.
बाचीच्या अलीकडे उसाची ट्रॉली उभी,
मागं दिवा नाही, तांबडं फडकंसुद्धा नाही.
मी ब्रेक दाबला. ब्रेकनं ऐकलं,
रस्त्यावर सांडलेल्या पाचटानं ऐकलं नाही.
डावा दरवाजा, डावा दिवा, बंपर, पुढची काच.
माणसं धड.
मेव्हण्याच्या मांडीवरचा कुंद्याचा डबासुद्धा
झाकणासकट शाबूत.

हवालदार तळवारांनी टॉर्च दातांत धरून
पंचनामा लिहिला, कन्नडात, गोल गोल अक्षरात:
गाडीचा डावा भाग ‘जखम’.

आमच्याकडे कन्नडात गाडीलाही जखम होते, साहेब.
बसला होते, टमटमला होते.
माणसाला होतो तो ‘गाय’.
बरं झालं कुणाला लागलं नाही,
नाहीतर तुमच्या पुण्याच्या टेबलानं
माझ्याकडं गुरांच्या डॉक्टरचा दाखला मागितला असता.

त्या टेबलानं भाषांतर केलं आणि मला कळवलं:
अर्जात जखमी, निरंक.
पंचनाम्यात जखम.
तपशिलात विसंगती. दावा प्रलंबित.

हुबळीहून सर्व्हेअर आले, बारा मिनिटं थांबले,
उजव्या दरवाजावरच्या ओरखड्याचे सहा फोटो काढले.
तो ओरखडा पुतणीच्या सायकलचा.
त्याचे पैसे मी मागितलेच नव्हते.
अहवालात आलं: नुकसान जुने.

मी तळवारांना शोधत सौंदत्तीला गेलो, बदली झालीय त्यांची.
म्हटलं, तेवढा शब्द बदलून देता का?
ते हसले. म्हणाले, शब्द तुमच्याकडूनच आला की री,
आम्ही त्याला कामाला लावला.
मग चहा पाजला.
मला राग यायला हवा होता, आला नाही.
शब्द बरोबर होता.

तिसऱ्या पत्रानंतर मंजुरी आली:
एकोणपन्नास हजारांच्या बिलावर
अकरा हजार तीनशे चाळीस.
दरवाजा वगळला. प्लास्टिकला निम्मा घसारा.
काचेला मात्र घसारा नाही.
हे मी दोनदा वाचलं.
जगात एक वस्तू तरी आहे
जी फुटेपर्यंत नवी असते.

गाडी उद्यमबागेत दस्तगीरच्या शेडमध्ये उभी आहे,
चार महिने. भाडं तो घेत नाही.
म्हणतो, मालक, ते गाडी कुठं बघूलालेत?
कागद बघूलालेत.
कागदाला पत्रा ठोकता येत नाही.

सोबत तुमचं व्हाउचर परत पाठवतोय.
सही केलेली नाही.
‘पूर्ण व अंतिम’ यातल्या दोन्ही शब्दांवर
लाल शाईनं काढून टाकायची खूण केलीय.
‘जुने’ पुढं प्रश्नचिन्ह.
‘जखम’ खाली टिंबं दिलीत, म्हणजे
आमच्या धंद्यात: आहे तसं राहू द्या.
हे मुद्रित आहे असं समजा. छपाईला देऊ नका.

जिल्हा ग्राहक आयोगाचा अर्ज आणून ठेवलाय.
तो कन्नडात आहे.
भरायला मला अडचण नाही,
वाचायला तुम्हाला येईल.

आपला,
नारायण भरमू मुचंडीकर

ता. क. मागच्या सीटवर मांजर व्यालीय. पिल्लं तीन.
अर्जात त्यांची नोंद नव्हती.
पुढं विसंगती नको, म्हणून कळवतो.